कळलावीची बाजू

आपल्या त्रैमासिकाच्या गेल्या अंकात घराभोवतीच्या बागेविषयी एक लेख आला होता. लेखकाचा व्यासंग आणि वय या दोहोंविषयी मला आदर आहे. शिवाय आमच्या घराशी त्यांचा तीन पिढ्यांचा घरोबा, म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी मी पुष्कळ दिवस थांबले. परंतु आवारात लावू नयेत अशा झाडांची जी यादी त्यांनी शेवटी दिली आहे, तीत कळलावीचे नाव पाहून राहवेना. ती अशुभ आहे, विषारी आहे आणि रानटी आहे, अशी तीन दूषणे त्यांनी तिला दिली आहेत. त्याच लेखात, थोडे वर, दर हिवाळ्यात हॉलंडच्या लिलीचे कंद मागवून कुंड्या सजवाव्यात अशी शिफारसही आहे. ही शिफारस आणि ती यादी एकाच लेखात गुण्यागोविंदाने नांदताना पाहिली, आणि कळलावीची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे असे वाटले.

प्रथम अशुभाचे पाहू, कारण आपल्या घरांतून या वेलीला बाहेर काढले ते तिच्या नावाने. कळ लावणे म्हणजे दोघांत भांडण लावून देणे. देवर्षी नारदालाही आपण कळलाव्या म्हणून मोकळे झालो आहोत. तेव्हा कळलावी दारात आली की घरात कलह माजणार, हे ओघानेच आले. पण कळ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो घरातल्या कोणत्याही बाईला विचारला असता तर तिने सांगितला असता. कळा येणे म्हणजे वेणा येणे. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून जुन्या सुइणी या वेलीचा कंद उगाळून त्याचा लेप तिच्या बेंबीवर आणि तळपायांना लावीत, व मूल जन्मले की तत्काळ धुऊन काढीत. निघंटूंत तिला गर्भनुत् म्हटले आहे, आणि शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढणारी म्हणून विशल्याही. (हा उपचार आज कोणी करू नये, हे निराळे सांगणे नलगे.) सुइणीची कळ मागे पडली, नारदाची तेवढी उरली, आणि त्या अर्थाच्या गफलतीपायी एका वेलीला घराबाहेर जावे लागले.

मी १९६८ साली सून म्हणून जुन्या इंदुरातील वाड्यात आले, तेव्हा मागच्या अंगणात विहिरीला लागून मेंदीचे कुंपण होते. पहिल्या पावसानंतर त्या मेंदीतून एक हिरवी काडी वर येई. तिच्या पानाचे टोकच लांब होऊन मेंदीच्या फांदीला वेटोळे घाली आणि पाहता पाहता वेल पुरुषभर चढे. श्रावणात फुले. कळी खाली मान घालून बसलेली. उमलली की सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहत, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या. आज पिवळे दिसलेले फूल उद्या नारिंगी आणि परवा लाल. अग्निशिखा हे नाव ज्याने ठेवले त्याने हे फूल नक्की संध्याकाळच्या उजेडात पाहिले असणार. वेल कोणी लावलेली नव्हती. ती तेथे होती, इतकेच.

१९७४ साली सासरे आणि चुलत सासरे यांच्यात वाटणीवरून बोलाचाली झाली. प्रकरण दोन खोल्यांचे आणि जिन्याखालच्या जागेचे होते. पण सासूबाईंना दोष कोणावर ठेवावा ते सुचेना. दीर आपला, नवरा आपला. शेवटी त्यांनी माळ्याला बोलावून, “हिनेच कळ लावली,” असे म्हणत विहिरीजवळचा कंद खणून काढविला. वेल गेली. दावा मात्र पुढे अकरा वर्षे चालला. त्या अकरा वर्षांत अंगणात तुळस होती, प्राजक्त होता, शुभ म्हणून सांगितलेले सारे काही होते. सासूबाईंची मी थट्टा करीत नाही. त्या फार समजूतदार होत्या, आणि घर मोडताना पाहणाऱ्या बाईला राग काढायला एखादी वेल लागते हे मी आता जाणते. पण तोच राग पन्नास वर्षांनी छापील सल्ल्याचे रूप घेऊन आपल्या त्रैमासिकात यावा, याला माझी हरकत आहे.

आणि अशुभ कोठले? माझे आजोळ राजापूरकडचे. तेथे गौरीच्या दिवसांत मामी पहाटे सड्याच्या कडेवरून हीच फुले आणीत आणि त्यांना गौरीचे हात म्हणत. मागे वळलेल्या पाकळ्या आणि खाली पसरलेले सहा केसर पाहिले म्हणजे ते नाव पटते. दक्षिणेत गेलात तर तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे. मुरुगनाला, म्हणजे आपल्या कार्तिकेयाला, ते प्रिय मानतात, आणि ‘कुरिंजिप्पाट्टु’ या प्राचीन तमिळ काव्यात डोंगरातल्या मुली जी नव्याण्णव फुले गोळा करतात त्या यादीचा आरंभच या फुलाने होतो. एकाच फुलाने राजापुरात गौरीचे हात व्हावे आणि इंदुरात वाड्याचा दावा लावावा, हे त्या फुलाच्या अंगी असू शकत नाही.

दुसरे दूषण विषाचे. ते खरे आहे, आणि ते सौम्य करून सांगण्याचा माझा मुळीच विचार नाही. आयुर्वेदाने लांगली या नावाने तिची गणना उपविषांत केली आहे. कोल्चिसिन नावाचे द्रव्य तिच्या सर्वांगात असते, कंदात व बियांत विशेष. शिजवल्याने ते नाहीसे होत नाही. पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही, मग ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात, आणि तोवर बराच वेळ हातचा गेलेला असतो. श्रीलंकेत रताळ्यासारखा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शंका जरी आली तरी घरगुती उताऱ्यात वेळ न घालवता वेलीचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे किंवा दिसेल ते चावणारे कुत्रे आहे, त्यांनी चार-पाच वर्षे थांबावे. वेलीला घाई नसते.

पण मग हाच न्याय सर्वांना लावावा. त्या यादीत पिवळी कण्हेर नाही. आम्ही तिला बिट्टी म्हणतो. तिच्या बियांनी जीव जातात हे सर्वांना ठाऊक आहे, तरी इंदुरातल्या किती घरांच्या फाटकाशी ती उभी आहे ते मोजून पाहावे. धोतरा आपण महादेवाला वाहतो. रुईच्या पानांची माळ मारुतीला घालतो आणि तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना सांगतो. दिवाणखान्यातल्या शोभेच्या डिफेनबाखियाचे पान चावले तर जीभ सुजून बोलती बंद होते. या सर्वांशी आपण जपून वागायला शिकलो आणि ती झाडे घरात ठेवली. कळलावीच्या वाट्याला ते शिकणे आले नाही, कारण तिला बाहेर काढायला नावाचे निमित्त आधीच हाताशी होते.

एक गोष्ट जाता जाता. याच कोल्चिसिनने गाउटच्या रुग्णांना उतार पडतो, आणि त्यासाठी तमिळनाडूतील शेतकरी ही वेल मांडवावर चढवून तिचे बी पिकवतात. हेच द्रव्य वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरतात, आणि लिलीच्या काही थोराड, जाड पाकळ्यांच्या जाती त्या युक्तीने घडविल्या गेल्या आहेत. म्हणजे ज्या विदेशी फुलांच्या कुंड्या ठेवण्यासाठी कळलावीला जागा नाकारायची, त्यांतल्या एखादीच्या थाटामाटामागे कळलावीचेच विष असण्याचा संभव आहे!

तिसरे दूषण रानटीपणाचे. येथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे.

कोणी शास्त्र जाणणारा म्हणेल की कळलावी ही लिलीच नव्हे. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने खरे आहे. पूर्वी जे मोठे लिलीकुळ मानीत, त्याची गेल्या शतकाच्या अखेरीपासून वाटणी झाली. कळलावी एका कुळात गेली, सफेद मुसळी दुसऱ्या, तर सुदर्शन आधीपासूनच निराळ्या कुळात होता. खऱ्या अर्थाची लिली दक्षिण भारतात निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांवर एक आहे, ती पांढरी. माळव्याच्या उन्हाळ्यात ती कोणी लावू नये. पण बागेत आपण कुळाचे दाखले तपासत नाही. रेनलिली, स्पायडर लिली आणि मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी लिली यांतही खरी लिली एकही नाही. आणि देशीही एक नाही. पहिल्या दोन अमेरिकेच्या, तिसरी आफ्रिकेची. आपल्या बायकांच्या वेण्यांतला निशिगंधदेखील मेक्सिकोहून आलेला.

म्हणून ‘देशी तेवढे ठेवा, विदेशी उपटा’ ही जी नवी आरोळी तरुण मंडळींत ऐकू येते, तिच्यात मी सूर मिळवणार नाही. आपली घराणी मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आली त्याला पावणेतीनशे वर्षे होऊन गेली, तरी अजून कोणी ना कोणी आपल्याला “मूळचे कुठले?” असे विचारतोच. तेव्हा मूळनिवासाच्या दाखल्यावर दुसऱ्याची लायकी ठरविण्याचा उद्योग निदान आपण तरी करू नये. शिवाय कळलावी स्वतः आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली. झिम्बाब्वेने तिला राष्ट्रीय फूल केले आहे. निशिगंध येथे राहिला, येथल्या मातीत वाढला, आपल्या लग्नकार्यांत मिसळला. त्याला आता परका म्हणणे हा कद्रूपणा होईल.

हॉलंडच्या कंदांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. ते येथे राहत नाहीत. पुन्हा फुलण्यासाठी त्या कंदांना जी थंडी लागते ती इंदुरात मिळत नाही. पहिल्या वर्षी पेटीतून आलेल्या शिदोरीवर ते फुलतात, दुसऱ्या वर्षी नुसती पाने काढतात, तिसऱ्या वर्षी कुंडी रिकामी. मग पुन्हा पेटी. याला मी बागकाम म्हणत नाही. हा मातीसकट विकत घेतलेला गुलदस्ता झाला. ज्यांना हौस आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण त्याची भलामण करताना, दर पावसाळ्यात पैसा न मागता उगवणाऱ्या वेलीला रानटी म्हणून हाकलू नये.

आता दुसरी बाजू, आणि हिच्याविषयी मला अधिक चिंता वाटते. गेल्या काही वर्षांत देशी फुलांचे प्रेम अचानक वाढले आहे. पावसाळ्यात चोरल, पातालपाणी, जानापाव या बाजूंना सहली जातात आणि परतताना मोटारीच्या डिकीत मुळासकट वेली असतात. काही रोपवाटिकांतून आणि आता आंतरजालावरूनही कळलावीचे कंद घरपोच मिळतात. ते कोणाच्या शेतातले आणि कोणत्या डोंगरातले, हे घेणारा विचारीत नाही. जडीबुटीवाल्यांची खणती यापूर्वीची आहेच. सफेद मुसळीचे काय झाले ते आपण पाहिले. जिच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी बोरिवलीचे नाव दिले, ती मुसळी माळव्याच्या जंगलांतून लोकांनी शक्तिवर्धक म्हणून पोत्यांनी खणून नेली. औषधासाठी खणणाऱ्याच्या पोटाचा तरी प्रश्न असतो. आपण तर शोभेसाठी, आणि वर ‘संवर्धन’ असे म्हणत खणतो.

मी स्वतः हे पाप केले आहे, म्हणून अधिकाराने सांगते. वाडा विकून आम्ही नव्या वसाहतीत राहायला आलो, त्यानंतरच्या एका भाद्रपदात सिमरोलच्या घाटात फुलांनी लहडलेली वेल दिसली. विहिरीजवळची वेल डोळ्यांपुढे आली. चिरंजीवांकडून खणवून घेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, घरी येताच जपून लावली. आठवड्यात पिवळी पडली. पुढच्या पावसात काहीच उगवले नाही, त्यापुढच्याही नाही. कारण मला मागाहून कळले. कळलावी दरवर्षी जुना कंद खर्चून टाकते आणि फुलांच्या दिवसांत जमिनीखाली नवा भरीत असते. फुले पाहून ज्या वेळी आपल्याला मोह होतो, नेमक्या त्याच वेळी तिच्याजवळ शिल्लक अशी काही नसते. त्या दिवसांत उपटलेली वेल बागेत क्वचितच जगते, आणि घाटातली जागा तर रिकामी होतेच. सासूबाईंनी खणून काढली ती रागाने, मी काढली ती मायेने. वेलीच्या दृष्टीने फरक काहीच पडला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे, की कळलावी लावावी ती बियांपासून, नाहीतर ज्याच्या बागेत ती वाढली आहे त्याने दिलेल्या कंदापासून. बियांना धीर लागतो. पहिल्या पावसात पेरल्या तर काही त्याच वर्षी येतात, काही वर्षभर मातीत झोपून पुढच्या आषाढात डोके काढतात. पहिली दोन वर्षे गवताच्या पात्यासारखी कृश पाने, ती निंदताना माळ्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडावे लागतात. माझ्याकडे पहिले फूल चौथ्या पावसात आले.

आपल्या काळ्या मातीत सर्वांत मोठा धोका साचलेल्या पाण्याचा. जागा वीतभर उंच करावी, तीत विटांचे बारीक तुकडे व वाळू मिसळावी, आणि पूर्ण कुजलेले खत घालावे. ताज्या शेणाने कंद सडतो. खताची चांगली रीत शोधायला आपल्याला लांब जायला नको. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथल्याच संस्थेत काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली माती यांचे थर रचून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते. इंदुरात मात्र ते खत करणारी घरे मला फारशी दिसत नाहीत.

कंद लावताना तो आडवा, चार बोटे खोल ठेवावा. त्याला नांगरासारख्या दोन भुजा असतात. लांगली आणि हलिनी ही नावे त्यावरूनच आली. प्रत्येक भुजेच्या टोकाशी एकच डोळा असतो. ते टोक मोडले तर उरलेला कंद कितीही भरदार असला तरी उगवत नाही, म्हणून हाताळताना अंड्यासारखा हाताळावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. चढायला मेंदी, डाळिंब असे काहीही चालते. पायथ्याशी सावली, माथ्यावर ऊन. आश्विनात पाने पिवळी पडली की पाणी बंद. मग जेठापर्यंत तेथे काहीही दिसत नाही आणि नवीन माळी हमखास त्याच जागी झेंडू लावायला निघतो. मी तेथे लाल दगड ठेवला आहे.

नव्या वसाहतीत फुलपाखरे आणि शिंजीर कमी येतात, म्हणून शेंग धरावी असे वाटले तर परागण हाताने करावे लागते. या फुलात स्त्रीकेसराची दांडी मुळाशीच काटकोनात वळून परागांपासून दूर जाते, त्यामुळे आपोआप काम होण्याचा भरवसा नसतो. शक्यतो दुसऱ्या वेलीचे पराग घेऊन सकाळी कुंचल्याने टोकाला लावावेत. तमिळनाडूतल्या शेतांवरही हे काम हातानेच करतात. माझा नातू आता नऊ वर्षांचा आहे आणि कुंचला तोच धरतो. चौथ्या वर्षापासून त्याला सांगितले आहे, की हिला पाहायचे, हात लावायचा तो आजीसमोर, आणि तोंडाजवळ काही न्यायचे नाही. तरीही शेंगा उकलण्यापूर्वीच मी कापून घेते, कारण आतले तांबडे दाणे थेट डाळिंबासारखे दिसतात, आणि शेजारची मुले माझ्या सांगण्यात नाहीत.

कळलावीने धीर सुटत असेल त्यांनी सुदर्शनापासून आरंभ करावा. तो पूर्वी आपल्या प्रत्येक वाड्यात होता. कान दुखला की त्याचे पान गरम करून रस पिळीत. रस आता कोणी कानात घालू नये, पण रात्री त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास घ्यायला हरकत नाही. रानकांदाही कुंडीत छान राहतो. ऐन वैशाखात, पान एकही नसताना, नुसती दांडी वर येते आणि तिच्यावरची फिकट फुले रात्री उमलतात. ही दोन्ही झाडे त्या यादीत नव्हती. बहुधा त्यांची नावे निरुपद्रवी असल्यामुळे वाचली असावीत.

यंदा माझ्या वेलीवर सात शेंगा आहेत. कार्तिकात त्या वाळतील. मंडळाच्या ज्या सभासदांना बी हवे असेल त्यांनी दिवाळीनंतर कोणत्याही संध्याकाळी यावे; गेल्या अंकातील लेखाच्या लेखकांनी तर अवश्य यावे, चहा घेऊनच जावे. घाटातून कंद आणणार नाही एवढे माझ्यासमोर कबूल करावे लागेल. येताना पिशवी नको, जाड कागदाचा लिफाफा आणावा, आणि त्यावर ‘विष’ असे घरूनच ठळक लिहून आणावे, कारण माझे अक्षर आता वाचण्यासारखे राहिलेले नाही.